गाळ, लेव्हल आणि मार्चअखेर

रस्त्याकडेच्या रेन गार्डनचं, म्हणजे रस्त्यावरचं पावसाचं पाणी गाळून घेणाऱ्या खोलगट वाफ्याचं, चित्र सादरीकरणात फार देखणं दिसतं. कर्बच्या, म्हणजे रस्त्याच्या उंच काठाच्या, खाचेतून पाणी आत येतंय, गवतातून झिरपतंय, शेजारून कुणीतरी सायकलवर चाललंय. त्या चित्रात गाळ कधी नसतो. पुण्यासारख्या शहरात अशा कामाचं काय होणार हे ठरवणाऱ्या गोष्टी मात्र तीनच: रस्त्यावरून वाहून येणारा गाळ, पाच सेंटिमीटरने चुकलेली लेव्हल आणि ३१ मार्च. हायड्रॉलिक्स, म्हणजे पाण्याचा हिशेब, त्यानंतर येतं, आणि खरं सांगायचं तर ते या कामातलं सगळ्यात सोपं प्रकरण आहे.

सोपं म्हणून तेच आधी उरकू. रस्ता बारा मीटर रुंद, मधून दोन्हीकडे उतार. एका कडेला सहा मीटर डांबराचं पाणी येतं, त्यात भर दोन मीटर पदपथाची. पन्नास मीटर लांबीत ४०० चौरस मीटर क्षेत्र झालं. पहिला २५ मिलिमीटर पाऊस अडवायचा असं ठरवलं आणि अपवाह गुणांक (पडलेल्या पाण्यातला वाहून येणारा वाटा) ०.९ धरला, तर पाणी ९ घनमीटर. आता दीड मीटर रुंद आणि वीस मीटर लांब असा खोलगट वाफा घेऊ. वर १५० मिलिमीटर पाणी उभं राहायला जागा, म्हणजे ४.५ घनमीटर. त्याखाली ६०० मिलिमीटर वाळू-मातीचा थर, वापरता येईल अशी पोकळी २० टक्के, म्हणजे ३.६. त्याखाली ३०० मिलिमीटर खडी, पोकळी ४० टक्के, आणखी ३.६. एकूण ११.७. वरचे अडीच-पावणेतीन घनमीटर म्हणजे चैन वाटेल, पण दोन पावसाळ्यांत गाळ त्यातला वाटा घेतोच. ताशी ६० मिलिमीटरच्या सरीत या ४०० चौरस मीटरवरून सेकंदाला सहा लिटर पाणी येईल. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे टँकरच्या वेळी लागेल.

हा २५ मिलिमीटरचा नियम कुठून आला, हेही ठाऊक असलेलं बरं. या क्षेत्रात सगळे ज्याचा दाखला देतात तो अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला, पंचवीस वर्षांच्या मुदतीचा. तिथे शहराच्या मोठ्या भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीतून जातं, आणि जोराच्या पावसात ती वाहिनी नदीत उलटते. ते थांबवायला त्यांनी एकक ठरवलं: एक एकर पक्क्या पृष्ठभागावर पडलेला एक इंच पाऊस, म्हणजे साधारण एक लाख तीन हजार लिटर पाणी, जागेवर अडवायचं. आपल्याकडे कागदावर तरी दोन्ही वाहिन्या वेगळ्या आहेत. त्यामुळे त्यांचा हेतू आपला होत नाही. आपल्याला हवं असतं ते रस्त्यावरचं पहिलं काळं, तेलकट पाणी गाळून घेणं, चौकातलं तळं कमी करणं आणि जमीन देईल तिथे थोडं पाणी मुरवणं. पूर थांबवणं या यादीत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; पंचवीस मिलिमीटरचा वाफा त्यापुढे काय करणार? मुंबईच्या जुन्या वाहिन्याच ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. नगरसेवकांना आणि सोसायटीच्या बैठकीत हे पहिल्याच दिवशी सांगावं. पूर थांबेल असं सांगून मंजूर करून घेतलेलं काम पहिल्या मोठ्या पावसात बदनाम होतं, मग ते कितीही नीट चालत असो.

आता जमीन. इथे घाई करणारा सगळ्यात जास्त फसतो.

झिरपण्याची चाचणी बहुतेक वेळा एप्रिल-मेमध्ये होते, कारण तेव्हा खोदायची परवानगी मिळते. काळ्या मातीला तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा असतात. खड्ड्यात पाणी ओतलं की ते भेगांतून बघता बघता नाहीसं होतं, आणि अहवालात ताशी शंभर मिलिमीटर असा खुशीचा आकडा येतो. जुलैमध्ये तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि वेग तासाला एक-दोन मिलिमीटरवर येतो. म्हणून चाचणीचा खड्डा आदल्या दिवशी भरून चोवीस तास भिजत ठेवायचा, पाणी उतरलं की पुन्हा भरायचं, आणि मोजणी त्यानंतरच. चाचणी वाफ्याच्या तळाच्या पातळीवर व्हायला हवी. वरच्या भरावात केलेली चाचणी भरावाबद्दल सांगते, खालच्या जमिनीबद्दल नाही. आलेल्या आकड्याला किमान दोनाने भागून डिझाइनला वापरावं. भूजलाची पातळी पावसाळ्याच्या शेवटी किती वर येते हे पाहायला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आणि आसपासच्या जुन्या विहिरी, दोन्ही बघाव्यात. मे महिन्यातली विहीर बघून काही कळत नाही.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये शंभर मीटरवर चित्र पालटतं. इथे मुरूम लागला, तासाला वीस-तीस मिलिमीटर सहज पितो. पुढच्या चौकात पाऊण मीटरवर सलग कातळ, थेंब जात नाही. एका चाचणीवर अर्ध्या किलोमीटरचं डिझाइन करणं म्हणजे जुगार. दर ५० मीटरला एक खड्डा असावा, आणि तो खड्डा दुहेरी उपयोगाचा असतो, कारण त्यातच केबल, गॅसची नळी आणि कोणत्याच नकाशात नसलेली जुनी जलवाहिनी सापडते. वाफ्याची खोदाई सव्वा मीटरपर्यंत जाते आणि शहरातलं सगळं नेमकं त्याच खोलीत पुरलेलं असतं. कोकणातला जांभा पाणी चांगलं पितो. मुंबईच्या भराव घातलेल्या भागात भरतीच्या वेळी भूजलच वर असतं, तिथे मुरवण्याची भाषा न केलेली बरी.

काळी माती लागली तर मुरवायचा मोह सोडून द्यावा. रस्त्याच्या कडेला ती भिजवत ठेवली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि डांबराला कडेने लांब चीर पडते. मग दोष रेन गार्डनवर येतो, आणि तो खरा असतो. अशा जागी तळाला आणि रस्त्याच्या बाजूला जाड प्लास्टिकचं अस्तर घालायचं आणि खडीच्या थरात ११० किंवा १६० मिलिमीटरची छिद्रांची पीव्हीसी नळी टाकून पाणी पावसाळी गटारात न्यायचं. नळीच्या टोकाला एल्बो वर तोंड करून बसवला तर खडीत पाणी साठून राहतं आणि झाडांना ऑक्टोबरपर्यंत पुरतं. पण मग खडीतले ३.६ घनमीटर पुढच्या पावसासाठी मोकळे नसतात. ११.७ मधून ते वजा केले की उरतात ८.१, आणि आपल्याला हवे होते ९. वाफा वीसऐवजी साडेबावीस मीटरचा करावा लागतो. हा बदल नकाशात होतो आणि हिशेबाच्या कागदावर राहून जातो, किंवा उलट. आणखी एक: शेजारच्या पावसाळी गटाराचा तळ नळीपेक्षा खाली आहे ना, हे लेव्हल लावून बघावं. आपल्याकडची कित्येक गटारं सत्तर-ऐंशी सेंटिमीटरच खोल असतात. आणि मे महिन्यात, कोरड्या दिवशी, त्या गटाराचं झाकण उघडून बघावं. त्यात पाणी वाहत असेल तर ते पावसाचं नव्हे, हे सांगायला प्रयोगशाळा नको.

लेव्हलचं प्रकरण रस्त्याच्या उतारापासून सुरू होतं. वीस मीटरचा वाफा दोन टक्के उतारावर असेल तर दोन टोकांत ४०० मिलिमीटरचा फरक पडतो. वाफ्याचा तळही रस्त्याबरोबर उतरता ठेवला आणि खालच्या टोकाला १५० मिलिमीटरवर ओव्हरफ्लो दिला, तर पाणी खालच्या साडेसात मीटरमध्येच उभं राहतं, तेही पाचरीसारखं. त्याचं घनफळ जेमतेम ०.८४ घनमीटर भरतं; कागदावर ४.५ लिहिलेले असतात. पाचवा हिस्सासुद्धा नाही. उपाय शेतकऱ्याला सांगावा लागत नाही, अभियंत्याला सांगावा लागतो: पाच-पाच मीटरचे चार सपाट टप्पे पाडायचे, मध्ये काँक्रीटचे किंवा दगडाचे बुटके बांध घालायचे, आणि प्रत्येक बांधाचा माथा तळापासून बरोबर १५० मिलिमीटर ठेवायचा. बांध दोन्ही बाजूंना भिंतीत घुसवलेला असावा, नाहीतर पाणी कडेने वाट काढतं आणि दोन पावसांत तिथे घळ पडते.

कर्बच्या खाचेचंही तसंच. ४५०-५०० मिलिमीटरची एक खाच सहा लिटर ओढेल असं आलेख सांगतात, पण उतारावर धावणारं पाणी खाचेसमोरून सरळ पुढे निघून जातं. वीस मीटरमध्ये तीन खाचा द्याव्यात आणि प्रत्येक खाचेसमोर रस्ता ५० मिलिमीटर दाबून घ्यावा. आतला पृष्ठभाग खाचेच्या तळापेक्षा ५० ते ७५ मिलिमीटर खाली हवा. समपातळीत ठेवला तर पहिल्याच पावसात गाळ आणि पालापाचोळा उंबरठा बांधतो. शिवाय रस्त्यावर पुढच्या वर्षी डांबराचा नवा थर पडतो. मिलिंग न करता, म्हणजे जुना थर न खरवडता, चाळीस मिलिमीटरचा थर टाकला की खाच निम्मी बुजते. कार्यादेश देण्याआधी त्या रस्त्याच्या पुढच्या तीन वर्षांच्या डांबरीकरणाची यादी मागवावी. नसेल, तर नसल्याचं लेखी घ्यावं.

उद्यान खात्याशी वाद ठरलेला असतो. वर्षानुवर्षं दुभाजक म्हणजे उंच भरलेली, वर फुगलेली माती असंच काम केलेला माळी खड्ड्यात झाडं लावायला तयार नसतो. अभियंत्याची पाठ फिरली की दोन ट्रॅक्टर लाल माती येते आणि वाफा कर्बच्या वर पंधरा सेंटिमीटर भरला जातो. दिसतो छान. पाणी मात्र आत येण्याऐवजी आतली माती रस्त्यावर येते. यावर उपाय एकच सापडतो: वाफ्याच्या भिंतीवर आतून, मातीच्या अंतिम पातळीला, लाल ऑइलपेंटची ठळक रेघ मारायची आणि मुकादमाला सांगायचं की रेघ झाकली गेली तर बिल थांबेल.

भरायच्या मिश्रणाबद्दल दरसूचीत आयटम नसतो. दरविश्लेषण करून जादा आयटम मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्याचं वर्णन ढिसाळ असेल तर ‘बागेची माती’ येते. साधारण साठ टक्के जाड वाळू, वीस टक्के माती, वीस टक्के पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, हे प्रमाण चालतं. ताजं शेणखत नको. नायट्रोजन आणि फॉस्फरस वाहून आपणच गटारात सोडतो. खरी मेख वाळूत आहे. नदीची वाळू मिळत नाही, क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, येते. काँक्रीटसाठी भारतीय मानक दगडाच्या क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. पुरवठादार प्रमाणपत्र दाखवतो, ते खरंही असतं, आणि तरीही ती वाळू इथे निरुपयोगी असते. एवढी भुकटी पाण्याबरोबर खाली उतरते आणि एका पावसाळ्यात लगद्याचा थर धरते. धुतलेली वाळू, भुकटी तीन-चार टक्क्यांच्या आत, असं निविदेत लिहावं. साइटवर काचेची बरणी ठेवावी: अर्धी वाळू, वर पाणी, जोरात हलवून तासभर ठेवायची. वाळूवर राखाडी साय जाड दिसली तर गाडी परत.

खडीही धुतलेलीच हवी. आणि माती-खडीच्या मध्ये जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी गाळणारं कृत्रिम कापड, आडवं पसरू नये. जुन्या नकाशांतून ते उचललं जातं, पण गाळ येऊन बसायला त्याच्याइतकी सोयीची जागा नाही. त्याऐवजी ६ ते १० मिलिमीटर चिपचा ७५ मिलिमीटर थर द्यावा. कापड फक्त बाजूच्या भिंतींना.

पेव्हर ब्लॉकबद्दल जाता जाता. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक पदपथावर ते आहेत आणि पाणी मुरतं असा समज आहे. खाली पीसीसी (साधं काँक्रीट) आणि सांध्यांत चुरी असेल तर तो काँक्रीटचा रस्ताच आहे, फक्त जास्त खडबडीत. खरोखर पाणी मुरणाऱ्या ब्लॉकच्या सांध्यांत आणि खालच्या बिछान्यात २ ते ५ मिलिमीटरची भुकटीविरहित चिप लागते, त्याखाली मोकळी खडी, पीसीसी अजिबात नाही.

कामाचा क्रम हाच या सगळ्याचा कणा, आणि तो आपल्या आर्थिक वर्षाच्या बरोबर उलटा आहे. निधी संपवायचा म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये खोदाई होते, मार्चअखेर बिल होतं, एप्रिलमध्ये मजूर गावी जातात, आणि उघडा खड्डा मे महिन्यात वळवाच्या पावसाच्या हवाली होतो. वळीव तासाभरात चाळीस मिलिमीटर ओततो. शेजारी बांधकामाची वाळू, रस्त्याच्या कामाचा राडारोडा, सगळं त्या खड्ड्यात. वर झाडं लावली की बाहेरून काही कळत नाही. वाफा पहिल्या पावसाआधीच मेलेला असतो.

यातून वाट काढायची तर कामाचे टप्पे तोडावे लागतात. मार्चपर्यंत बांधून बिल काढण्यासारखं पुष्कळ असतं: भिंती, ओव्हरफ्लो चेंबर, गटाराला जोडणी, कर्ब. तळाची शेवटची तीस सेंटिमीटर माती मुद्दाम न खोदता ठेवायची. वरच्या अंगाची सगळी कामं, डांबर आणि पदपथ धरून, पुरी झाली की ती तीस सेंटिमीटर काढायची, त्याच आठवड्यात खडी आणि मिश्रण भरायचं, आणि कर्बच्या खाचा वाळूच्या गोण्यांनी बंद ठेवायच्या. लागवड जूनच्या चांगल्या पावसानंतर. गोण्या काढायच्या त्या झाडांनी मूळ धरल्यावर, साधारण ऑगस्टमध्ये. पहिल्या पावसाळ्याचं पाणी वाफ्यात गेलं नाही म्हणून वरून विचारणा होते. तिचं उत्तर कामाच्या वेळापत्रकात आधीच लिहून ठेवलेलं असावं.

रस्त्याच्या कामावर वाढलेल्या सुपरवायझरला ९५-९८ टक्के प्रॉक्टर घनतेची, म्हणजे माती ठोकून घट्ट दाबायची, सवय असते. मोकळी माती दिसली की त्याचा हात कॉम्पॅक्टरकडे जातो. जेसीबी खड्ड्यात उतरवायचा नाही, काठावर उभा करून बकेटने काम करायचं. तळ पिकावाने पंधरा सेंटिमीटर उकरायचा. मिश्रण वीस-तीस सेंटिमीटरच्या थरांनी, फक्त पाणी शिंपडून बसवायचं आणि दहा टक्के जास्त भरायचं. हे सांगून भागत नाही, त्या दिवशी कनिष्ठ अभियंत्याने तिथे उभं राहावं लागतं. तळ, नळी, खडी, मिश्रण या चार ठिकाणी ‘पाहणीशिवाय पुढे जाऊ नये’ अशी अट निविदेत असावी, कारण बुजलेल्या थराचं मोजमाप पुस्तिकेत काहीही लिहिता येतं.

शेवटचं बिल टँकरवर अडवावं. दहा हजार लिटरचा टँकर, प्रक्रिया केलेल्या पाण्याचा, वाफ्याच्या वरच्या अंगाला उभा करायचा. व्हॉल्व्ह अर्धवट उघडून तो पंचवीस मिनिटांत रिकामा केला तर सेकंदाला साडेसहा-पावणेसात लिटर होतात: आपली ताशी ६० मिलिमीटरची सर आणि पहिल्या २५ मिलिमीटरचं घनफळ, दोन्ही एका टँकरमध्ये. गोण्या तेवढ्यापुरत्या बाजूला करायच्या. किती पाणी खाचांना चुकवून पुढे गेलं, चारही टप्पे भरले का, बांधाच्या कडेने गळती आहे का, सगळं डोळ्यांना दिसतं. मग घड्याळ लावायचं. नव्या वाफ्यात उभं पाणी दोन-तीन तासांत दिसेनासं व्हायला हवं. चोवीस तासांनंतरही डबकं असेल तर मिश्रण उकरून बघावं लागेल. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे चोवीस तासांत कोरडा होणारा वाफा डास वाढवत नाही. आरोग्य खात्याचा माणूस येतो तेव्हा टँकरची नोंदवही दाखवायला बरी पडते.

झाडांची यादी लहान ठेवावी. दीड दिवस पाण्यात आणि आठ महिने कोरडं, दोन्ही सोसणारं थोडंच असतं. तळाला वाळा, काठाला निर्गुडी, जागा असेल तर करंज. कर्दळ सुंदर दिसते आणि मार्चमध्ये पाणी मागते. पहिले दोन उन्हाळे टँकर लागणारच, तो खर्च अंदाजपत्रकात धरावा.

देखभाल कुणाची, यावर फाइल फिरत राहते. कर्ब पथ विभागाचा, नळी मलनिःसारण विभागाची, झाडं उद्यानाची, खाचेतला कचरा घनकचऱ्याचा. झाडूवाली बाई रस्त्याचा कचरा समोरच्या खाचेत लोटते, यात तिची चूक नाही. तिला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यातल्या त्यात चालणारी व्यवस्था म्हणजे तीन वर्षांची देखभाल बांधकामाच्याच निविदेत घालून महिन्याच्या हप्त्याने पैसे देणं आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या एकाच पदावर जबाबदारी टाकणं. प्रत्येक खाचेच्या आत काँक्रीटच्या तळाचं, फावडं आडवं बसेल एवढं रुंद गाळाचं कुंड हवं. तळ मातीचा ठेवला तर सफाई करणारा दरवेळी थोडा खोल जातो आणि कुंडाचा खड्डा होतो. जूनमध्ये ते दर आठवड्याला उपसावं लागतं, कारण वर्षभर साचलेला रस्ता पहिल्या चार-पाच पावसांत खाली येतो. पुढे मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी एक फेरी पुरते.

उपसलेल्या गाळाची खोली दरवेळी लिहून ठेवावी. कुठल्या खाचेत तो सारखा जास्त येतो हे पाहिलं की वरच्या अंगाला कुणाची वाळू रस्त्यावर पडलेली आहे ते सापडतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी टँकरची चाचणी पुन्हा घ्यावी. पाणी उतरायला पहिल्यापेक्षा तिप्पट वेळ लागत असेल तर बहुतेक वेळा वरचे पाच ते आठ सेंटिमीटरच तुंबलेले असतात. तेवढे खरवडून नवीन मिश्रण घालायचं, सगळा वाफा उकरायची गरज नसते. खरवडलेल्या मातीत टायरची भुकटी, तेल आणि जड धातू असतात. ती रोपवाटिकेत किंवा सोसायटीच्या भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नये, राडारोडा टाकायच्या अधिकृत जागी पाठवून पावती फाइलला लावावी.